वाढदिवस मुलाचा, धावपळ आईवडिलांची



मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली यांपैकी कोणत्याही उपनगरात शनिवार-रविवारच्या सायंकाळी एखाद्या सोसायटीच्या सभागृहात डोकावून पाहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. भिंतीवर फुग्यांची कमान असते. ध्वनिवर्धकावर चित्रपटगीते चालू असतात आणि पैसे देऊन बोलावलेला निवेदक मुलांना आणखी मोठ्याने ओरडायला सांगत असतो. ज्याचा वाढदिवस आहे ते तीन वर्षांचे बाळ टोचणारी शेरवानी घालून रडवेल्या चेहऱ्याने आईच्या कडेवर बसलेले असते. आईचे लक्ष बाळाकडे नसते, कारण ‘रिटर्न गिफ्ट’च्या पिशव्या चार कमी पडल्या आहेत. वडील ताटांच्या संख्येवरून केटररशी हुज्जत घालीत असतात. आजी-आजोबा एका कोपऱ्यातील प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून हा गदारोळ निमूटपणे पाहत असतात.

हा सारा खटाटोप आईवडील प्रेमापोटीच करतात, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मुलांच्या वाट्याला आपल्यापेक्षा चांगले बालपण यावे, ही इच्छा सात्त्विकच आहे. प्रश्न एवढाच, की ज्या दिवशी घर आनंदी असावयास हवे, नेमक्या त्याच दिवशी घरातील प्रत्येकजण दमलेला आणि चिडलेला का असतो?

या विषयाची चर्चा आपल्याकडे बहुधा एकाच वळणावर जाऊन अडते. केक कापावा की औक्षण करावे, मेणबत्ती फुंकावी की निरांजन लावावे? या वादात तथ्य नाही असे नाही. तिथीनुसार अभ्यंगस्नान, औक्षण, वडीलधाऱ्यांना नमस्कार, मार्कंडेय आणि सप्तचिरंजीवांचे स्मरण, तीळ-गूळ घातलेले दूध हा आपल्या वर्धापनाचा विधी अर्थपूर्ण आहे आणि तो घराघरांत टिकावा. परंतु दोनशे माणसांचे सभागृह, निवेदक आणि पाच पदार्थांचे जेवण कायम ठेवून केवळ केकच्या जागी निरांजन आणले, तर आईचा थकवा तसूभरही कमी होत नाही. ओझे समारंभाच्या आकाराचे असते, आणि तो आकार ठरतो निमंत्रितांच्या यादीवर.

ही यादी मुळात आली कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. उपनगरांत राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांची मागची पिढी गिरगाव, दादर, लालबाग, परळ येथील चाळींत वाढली. चाळीत यादी करण्याचा प्रसंगच येत नसे. सामाईक गॅलरीत मुले असायचीच. कोणाच्या घरी खीर किंवा शिरा झाला की वास सर्वांनाच यायचा. शेजारची काकू पाट मांडायची, पलीकडची ताई मुलांना खेळात गुंतवायची, आणि आईवर पडणारे काम चार हातांत वाटले जायचे. पुढे जागा अपुरी पडू लागली आणि ही कुटुंबे स्वतंत्र सदनिकेसाठी बोरिवलीला, मुलुंडला आली. स्वतःचे स्नानगृह मिळाले, खासगीपणा मिळाला, मुलांना अभ्यासाला जागा मिळाली. हे सुख खोटे नव्हे, आणि चाळीच्या आठवणीने उसासे टाकणाऱ्यांनी तिथल्या पाण्याच्या रांगाही आठवाव्यात. मात्र दार बंद झाल्यावर कोणाला बोलवायचे हा निर्णय घ्यावा लागू लागला, आणि एकदा निर्णय आला की त्यामागून मानपानही येतो. या मजल्यावरच्या एकाला बोलावले तर दुसऱ्याला कसे टाळायचे? शाळेतील पाच मुलांना सांगितले तर उरलेल्या पंचेचाळीस मुलांच्या आयांना काय वाटेल? त्यांनी आपल्या मुलाला बोलावले होते, त्याची परतफेड राहिलीच आहे!

जी रिकामी जागा शेजाऱ्यांच्या हातांनी भरून निघत असे, ती भरावयास बाजार तत्परतेने पुढे आला. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि उपनगरातील मुलांच्या तोंडी ते नाव बसले. २०२२ मध्ये ते बंदही पडले. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स मुंबईत वांद्र्याला आले आणि पुढच्या काही वर्षांत तेथे वाढदिवस करणे ही मध्यमवर्गीय मुलांची मोठी हौस ठरली. २०१३ मध्ये घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये किडझानिया आले. दरम्यान प्रत्येक उपनगरात सजावट करणारे, जादूगार आणि टॅटू काढणारे तयार झाले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तीही कष्ट करून पोट भरणारी माणसे आहेत. परंतु शेजारणीचा हात फुकट मिळत असे, आणि हा हात तासाच्या हिशेबाने मिळतो.

हा ताण केवळ आपल्याच नशिबी आला आहे, असे मात्र समजू नये. जेथून हा थाट आपल्याकडे आला असे म्हटले जाते, त्या अमेरिकेतही पालक याला कंटाळले आहेत. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरातल्या काही पालकांनी २००७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील कुटुंबशास्त्राचे प्राध्यापक विल्यम डोहर्टी यांच्यासमवेत एक उपक्रम सुरू केला. त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘दडपणाविना वाढदिवस’ असा होता. त्यांचे म्हणणे सोपे होते. प्रत्येक घराला हे सारे अति झाले आहे असे मनातून वाटत असते. परंतु इतर सर्वजण करतात म्हणून आपण एकट्याने कसे थांबावे, असा विचार करून प्रत्येकजण चालू ठेवतो. म्हणजे दडपण एका घराचे नसून साऱ्या परिसराचे आहे, आणि ते उतरवायचे तर दोन-चार घरांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे लागते. मुलुंडच्या एखाद्या इमारतीलाही हे निदान जसेच्या तसे लागू पडते. फरक इतकाच, की सेंट पॉलच्या पालकांना साध्या समारंभाचा नमुना नव्याने शोधावा लागला. आपल्याकडे तो तयार आहे, आणि त्याचे नाव बोरन्हाण.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या एखाद्या संध्याकाळी बाळाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, औक्षण करतात आणि बोरे, उसाचे करवे, हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, बत्तासे, तिळाच्या रेवड्या असे मिश्रण त्याच्या डोक्यावरून हळूच ओततात. भोवतीची मुले तुटून पडतात. या सोहळ्याची रचना कोणी कागद-पेन घेऊन आखली नसेल, पण आजच्या दमलेल्या आईने ती बारकाईने पाहावी. निवेदकाची गरज नाही, कारण वेचणे हाच खेळ आहे. वेगळ्या ‘रिटर्न गिफ्ट’ची गरज नाही, कारण जे वेचले ते ज्याचे त्याने घरी न्यायचे. जेवणावळ नाही, कारण खाऊ हाच सोहळा आहे. ज्याचे वय दीड वर्ष आहे त्याला तासभर नटवून उभे करावे लागत नाही. दहा मिनिटांत त्याचे काम संपते आणि ते आजीच्या मांडीवर जाऊन बसते. पाहुण्यांत मुले मुख्य असतात आणि मोठी माणसे निमित्तमात्र. (शेंगदाणे, हरभरे आणि बोराच्या बिया लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, अगदी लहान मुले असतील तेथे चुरमुरे आणि बत्तासेच पुरेत.) वाढदिवस जूनमध्ये असो वा ऑक्टोबरमध्ये, या सोहळ्याचे तत्त्व उचलता येते: एक खेळ, एक खाऊ, आणि खेळातूनच मिळालेली घरी नेण्याची वस्तू. मोठ्या मुलांना गच्चीवर खजिन्याचा शोध घ्यायला लावले आणि खजिन्यात प्रत्येकाच्या नावाची पेन्सिल किंवा तुळशीचे रोप ठेवले, तरी तेच साधते.

घरचा विधी आणि मित्रांचा मेळावा एकाच संध्याकाळी कोंबण्याचा आग्रह सोडला, तर अर्धा भार तेथेच उतरतो. तिथीला घरातली माणसे, औक्षण, खीर. त्यानंतरच्या सुटीला मित्रमंडळी. नोकरदार वडील बोरिवली लोकलमधून घामाघूम होऊन आठ वाजता उतरणार आणि सात वाजता केक कापायचा, ही ओढाताण मग उरत नाही. मित्रांसाठी दुपारी चार ते सहा ही वेळ उत्तम, कारण ती जेवणाची वेळ नव्हे आणि निमंत्रणातच समाप्तीची वेळ सांगता येते. रविवार निवडला आणि डोंबिवली-ठाण्याहून आत्या-मावशी यायच्या असतील, तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आधी पाहून ठेवावा. माटुंगा ते मुलुंड हा टप्पा तर त्याचा नेहमीचाच. गच्चीवर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावणे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निषिद्ध आहे, आणि शेजारच्या घरातील दहावीच्या विद्यार्थ्याला तो साडेआठ वाजताही नकोच असतो.

पाहुणे किती असावेत? पाश्चात्त्य पालकांत एक ठोकताळा आहे: मुलाचे जितके वय, तितके मित्र. आपल्या माणसाळू स्वभावाला तो कंजूष वाटेल, दोन-चार वाढवावेत. परंतु यादी मुलाकडून घ्यावी. पाच वर्षांच्या मुलाला विचारले तर ते पाच-सहा नावांच्या पलीकडे क्वचित जाते. उरलेली नावे आईच्या भिशीची आणि वडिलांच्या कार्यालयाची असतात. पहिल्या वाढदिवसाच्या बाबतीत तर एवढेच लक्षात घ्यावे, की वर्षाच्या आसपासचे मूल अनोळखी चेहऱ्यांना बिचकते आणि झोपेची वेळ टळली की कासावीस होते. त्याच्यासाठी चार ओळखीची माणसे पुष्कळ झाली.

सजावटीबाबत थोडे सावधपण हवे. फेसाचा जो फवारा मुलांच्या अंगावर उडवतात, त्यातील वायू ज्वालाग्राही असतो. पेटत्या मेणबत्तीजवळ तो कदापि वापरू नये. रस्त्यावर मिळणाऱ्या तरंगत्या फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन भरलेला असतो आणि तोही भडकतो. फुटलेल्या फुग्याचे रबर लहान मुलाच्या घशात बसले तर जीवावर बेतते, म्हणून तुकडे लगेच उचलावेत. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर फुग्यांच्या प्लॅस्टिक काड्या आणि सजावटीचा थर्माकोलही बंद झाला. घरातील स्टीलच्या ताटल्या आणि शेजाऱ्यांकडून आणलेल्या वाट्या यांवर कोणाचीच बंदी नाही.

भेटवस्तूंच्या देण्याघेण्याविषयी बोलणे पालकांना सर्वांत अवघड वाटते, आणि खरे दडपण तेथेच आहे. चाळीस मुलांना प्रत्येकी दीडशे रुपयांची वस्तू द्यायची, तर केवळ परतभेटीचे सहा हजार होतात. ज्या घरात एकच पगार आहे आणि घराचा हप्ता चालू आहे, तेथे हे पैसे उसने घेतले जातात आणि कोणी बोलून दाखवत नाही. त्याच वर्गात ज्या मुलाच्या घरी हे जमत नाही, ते मूल पुढे पुढे निमंत्रणच टाळू लागते, कारण रिकाम्या हाताने जायचे कसे? निमंत्रणात ‘भेटवस्तू आणू नये’ एवढेच लिहिले तर लोक संकोचतात आणि आणतातच. त्याऐवजी ‘घरातले वाचून झालेले एक पुस्तक आणावे आणि दुसरे घेऊन जावे’ असे सुचवले, तर कोणाचीच पंचाईत होत नाही. आजी-आजोबांना काही द्यायचेच असेल, तर ‘बालभारती’ १९७१ पासून प्रकाशित करीत असलेल्या ‘किशोर’ मासिकाची वर्गणी त्यांनी भरावी. भेट वर्षभर दर महिन्याला घरी येत राहते.

आणखी एका निमंत्रणाचा विचार व्हावयास हवा. उपनगरातील अनेक घरांत धुणीभांडी करणाऱ्या ताईंची मुलगी घरातल्या मुलीच्याच वयाची असते. वाढदिवसाच्या दिवशी आईला मदत म्हणून ती येते, आत सतरंजीवर मुले खेळत असतात आणि ती मोरीपाशी पेले विसळत असते. घरातली मुलगी हे पाहते. त्या दिवशी दोघींना एकाच सतरंजीवर बसवायचे, तर पेले विसळायला घरातील मोठ्या माणसांना उठावे लागेल, आणि पाहुणे जितके कमी तितके ते सहज जमेल. इमारतीच्या पहारेकऱ्याच्या मुलाचेही तसेच. त्याला नंतर केकचा तुकडा नेऊन देणे आणि आधी बोलावणे यांत मुलाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हे एकट्या घराने सुरू करणे कठीण, हे सेंट पॉलच्या पालकांचे म्हणणे येथेही खरे आहे. एकाच इमारतीतील तीन-चार कुटुंबांनी मिळून मोठा पेटारा करावा. त्यात कापडी पताका, पंचवीस स्टीलच्या ताटल्या व पेले, चमचा-लिंबूचे साहित्य, दोरीउड्यांच्या दोऱ्या, संगीतखुर्चीसाठी एक लहानसा स्पीकर आणि प्रथमोपचाराची पेटी एवढे असले की झाले. पेटारा सोसायटीच्या कार्यालयात राहावा आणि नेणाऱ्याने वहीत नाव लिहावे. ज्यांच्या घरी वाढदिवस आहे त्यांनी केवळ खाऊ करावा. खेळ घेण्याची जबाबदारी त्या दिवशी दुसऱ्या घरातील दादा-ताईंनी उचलावी. आठवी-नववीतील मुले हे काम निवेदकापेक्षा चांगले करतात, आणि आठवडाभर आधी सांगितले तर अभ्यास सांभाळूनही करतात. जूनमध्ये शाळा सुरू होतात, तेव्हाच वर्षभरातील मुलांच्या तारखा त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात. एकाच आठवड्यात दोन वाढदिवस आले, तर दोन्ही घरांनी मिळून एकच रविवार ठरवावा.