आधी पुस्तक, मग क्लास

मेडिकल प्रवेशासाठी नीटची तयारी म्हटलं, की घरात आधी चर्चा होते क्लासच्या फीची. पुस्तकाची नाही. पण जरा पेपर पाहा. एकूण गुण 720. त्यातले निम्मे एकट्या जीवशास्त्राचे. आणि हे प्रश्न बहुतेक एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांवरच बेतलेले. कधी तर आकृतीखालच्या बारीक ओळीवर. म्हणून आधी पुस्तक.

कुणी म्हणेल, जीवशास्त्र सगळ्यांनाच येतं, नंबर ठरतो भौतिकशास्त्रावर. खरं आहे. तिथे गणितं सोडवायलाच हवीत, अडलं तर शिक्षकही हवा. पण जीवशास्त्र पक्कं असेल, तरच गणितांना वेळ उरतो. म्हणून पुन्हा सांगतो, आधी पुस्तक. राज्य मंडळाच्या मुलांनी ते मुद्दाम वेगळं मिळवावं. एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर ते मोफत आहे.