राष्ट्राचे सोने : भारत आणि ब्रिटन



राष्ट्राच्या सुवर्णसाठ्याचा विचार करण्यास सुरत हे सर्वथा योग्य स्थळ आहे. १६०८ साली इंग्रजांचे ‘हेक्टर’ जहाज येथे आले. गुजरातचे सुती कापड व नीळ त्यांना हवी होती. पण इंग्लंडच्या लोकरी कापडाला येथे फारसे गिऱ्हाईक नव्हते. म्हणून त्यांना सोने-चांदी भरून आणणे भाग पडे. ती सराफांकडे किंवा मोगलांच्या टांकसाळीत जाई आणि तिचे येथील चलन होई. सुरतेची ही संपत्ती खाणीतून निघालेली नव्हती. ती विणकरांच्या मागावर निर्माण झाली होती.

पुढे काळ पालटला. १९६० च्या सुमारास ब्रिटनजवळ सुमारे २,५०० टन सरकारी सोने होते, तर भारताजवळ अवघे २२० टनांच्या आसपास.

सरकारी साठा म्हणजे घरोघरचे दागिने किंवा देवस्थानांचे अलंकार नव्हेत. रिझर्व्ह बँकेने राखून ठेवलेले सोने तेवढेच या हिशेबात धरले जाते. पीक बुडाले की शेतकरी बियाण्यासाठी घरातील दागिना गहाण ठेवतो. परकीय चलन आटले म्हणजे राष्ट्रावरही तीच पाळी येते.

भारतावर ती १९९१ साली आली. परकीय चलनाची गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली. मे महिन्यात २० टन सोने परत खरेदीच्या अटीवर परदेशी बँकेला विकले गेले. जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले गेले. ज्या देशातून सुरतेस सोने-चांदी येत असे, त्याच देशात भारताचे सोने तारण गेले. देशाच्या मनाला ही गोष्ट लागली. पण देणी चुकली नाहीत आणि पत राहिली.

यानंतर दोन्ही देशांच्या वाटा भिन्न झाल्या. ब्रिटनने १९९९ ते २००२ या काळात सुमारे ३९५ टन सोने लिलावाने विकले. त्या वेळी भाव औंसाला सरासरी २७५ डॉलरच्या आसपास होता. भारताने २००९ साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोने घेतले, ते सुमारे १,०४५ डॉलर भावाने. मार्च २०२५ अखेर भारताचा साठा सुमारे ८८० टन झाला. ब्रिटनचा ३१० टनांच्या आसपास होता. परदेशी तिजोऱ्यांतील सुमारे १०० टन सोने २०२३-२४ या वर्षात मायदेशी आणले गेले.

एवढ्यावरून भारत ब्रिटनपेक्षा धनवान झाला, असे मात्र समजू नये. १९९१ च्या संकटाच्या वेळीही भारताजवळ ३०० टनांहून अधिक सोने होतेच. सोन्याने सवड दिली. पण आयात व निर्यात यांतील तफावत केवळ सोन्याने भरून निघत नाही. शिवाय भारतात विकले जाणारे बहुतेक सोने परदेशातूनच येते. लग्नसराईत वाढलेली त्याची मागणी राष्ट्राच्या परकीय चलनावरच भार टाकते, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य समजावून द्यावे.

सुरत आजही परदेशातून आलेला कच्चा हिरा घासून, त्याला पैलू पाडून बाहेर पाठविते. चारशे वर्षांपूर्वी या नगरीने सोने मिळविले ते कारागिरांच्या कौशल्यावर. राष्ट्राची गंगाजळी टिकून राहण्याचा मार्गही तोच आहे.