उपनगर : केवळ मुक्काम नव्हे
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



‘उपनगर’ म्हटले की शहरापेक्षा दुय्यम वस्ती, असा आपला समज असतो. वस्तुतः ‘उप’ म्हणजे जवळ. शहराजवळचे ते उपनगर. शहरापेक्षा हलके ते नव्हे.

मुंबईचाच दाखला घ्या. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि शहराबाहेर राहण्याची सोय झाली. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीचा धोका दाखवून दिला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व पुढे दादर-माटुंग्यास आखीव रस्त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. काम शहरात, पण घर हवेशीर आणि मुलांना खेळायला जागा, ही उपनगराची मूळ कल्पना होय.

पुढे ही कल्पना मागे पडली. शहरात घर परवडेना, म्हणून माणसे दूर गेली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर आपल्या समाजातील अनेक कुटुंबे सुरक्षिततेसाठी मुंब्र्यास आली. इमारती उठल्या; मैदाने मात्र त्या मानाने झाली नाहीत. गाड्यांची गर्दी तर जीवघेणी. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून पडून प्रवासी दगावले.

या सर्वाची किंमत कोण देतो? पहाटेची लोकल पकडणारा बाप मुलाला झोपलेला पाहून निघतो आणि झोपलेलाच पाहून परततो. दहावीनंतर कॉलेज तीन स्टेशने दूर, गाडीला गर्दी. एवढ्यावरून हुशार मुलगी घरी बसते. अंतर रेल्वेचे, पण नुकसान एका पिढीचे!

यावर सरकारकडे मागणी अवश्य करावी. पण तोवर हात बांधून बसू नये. एका मोहल्ल्यातील चार-पाच मुलींनी मिळून कॉलेजला जावे, पालकांनी पाळीपाळीने सोबत करावी. ज्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही, त्यांच्यासाठी शाळेची एक खोली रात्री दोन तास उघडी ठेवावी. देखरेखीला आम्ही शिक्षक आहोत. आणि सुटीच्या दिवशी वडिलांनी मुलाची वही एकदा तरी उघडून पाहावी.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उद्या शिकून मोठे व्हाल. तेव्हा ही वस्ती सोडून जाण्याची घाई करू नका. येथेच दवाखाना काढा, येथेच शिकवा. जेथे माणसे केवळ झोपायला येतात तो मुक्काम. जेथे मुले घडतात ते नगर.