अवस-पुनव आणि माणसाचा देह
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेले भाषण)



मराठीच्या प्राध्यापकाने या व्यासपीठावरून संतकाव्यावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र चंद्रकला आणि मानवी देह यांच्या संबंधाविषयी बोलणार आहे. मी वैद्य नाही. या विषयाकडे मी वळलो तो एका रात्रीमुळे. ती हकीकत आधी सांगतो.

माझ्या आईला दमा होता. ‘अवस जवळ आली की माझी धाप वाढते’, हे तिचे वाक्य आमच्या घरात पंचांगाइतकेच प्रमाण मानले जाई. १९९६ च्या सर्वपित्री अमावास्येला दुपारी पितरांचे पान वाढून झाले आणि संध्याकाळपासून तिला धाप लागली. रुग्णालयात नेऊ म्हटले, तर म्हणाली, ‘‘आज अवस आहे, हे व्हायचेच. अवस उलटली की आपोआप उतरेल.’’ आणि आम्ही थांबलो. मी एम. ए. झालेला, नुकताच महाविद्यालयात शिकवू लागलेला, तरीही थांबलो. पहाटे तिची नखे निळसर दिसू लागली तेव्हा रिक्षा शोधायला धावलो. ती वाचली. डॉक्टरांनी विचारले, ‘‘रात्रीच का नाही आणलेत?’’ ‘अमावास्या होती’ हे उत्तर द्यायला माझी जीभ उचलली नाही.

ही समजूत केवळ आपली नव्हे. पुरुषसूक्ताने चंद्राचे नाते मनाशी जोडले. इंग्रजीतला ‘लुनॅटिक’ हा शब्द तर लॅटिनमधील चंद्राच्या नावावरूनच घडला. सुशिक्षितांत याच समजुतीला भरती-ओहोटीचा आधार दिला जातो : देहात एवढे पाणी, मग समुद्र उसळतो तसे तेही उसळणारच! युक्तिवाद ऐकायला गोड आहे. परंतु भरती येते ती पृथ्वीच्या चंद्राकडील व पलीकडील बाजूंवर पडणाऱ्या ओढीतील फरकामुळे, आणि त्या दोन बाजूंमध्ये सुमारे १२,७०० किलोमीटरांचे अंतर आहे. साडेपाच फुटांच्या देहात तो फरक उरतो किती? आपल्या सिरपूरच्या तलावात देहाहून कितीतरी अधिक पाणी आहे. त्याला भरती आल्याचे कोणी पाहिले आहे काय? शिवाय समुद्राला भरती बहुतेक ठिकाणी रोज दोनदा येते. पाणी हेच कारण असते, तर आईची धाप पंधरवड्याची वाट पाहती ना.

तर्क बाजूला ठेवून मोजदाद केली तर? तशी ती झाली आहे. पौर्णिमेला बाळंतपणे वाढतात, असे सुईणी आणि परिचारिका सांगतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातील १९९७ ते २००१ या काळातील ५,६४,०३९ जन्म चंद्राच्या ६२ आवर्तनांशी ताडून पाहिले गेले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कलांचा कोणताही प्रभाव आढळला नाही. दुसरे उदाहरण अधिक गमतीचे. २००० सालच्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या एकाच अंकात दोन लेख आले. ब्रॅडफर्डच्या संशोधकांना पौर्णिमेच्या सुमारास प्राण्यांच्या चाव्यांचे रुग्ण वाढलेले दिसले, तर ऑस्ट्रेलियातील संशोधकांना कुत्र्यांच्या चाव्यांबाबत तसे काहीच दिसले नाही. एकाच चंद्राने दोन देशांतल्या कुत्र्यांना दोन न्याय लावावेत, हे मानणे अवघडच.

तथापि, सगळेच थोतांड म्हणून मोकळे होण्याचीही मला घाई नाही. झोपेचा प्रश्न उघडा आहे. २०१३ मध्ये बाझेलच्या संशोधकांनी, प्रयोगशाळेत झोपलेल्या ३३ जणांच्या जुन्या नोंदी तपासून, पौर्णिमेच्या सुमारास झोप सुमारे २० मिनिटांनी कमी होते असे सांगितले. पुढच्याच वर्षी याहून मोठ्या नोंदींत इतरांना ते आढळले नाही. २०२१ मध्ये मात्र अर्जेंटिनातील तोबा लोकांत आणि सिएटलच्या विद्यार्थ्यांत असे दिसले की, पौर्णिमेच्या आधीच्या रात्री माणसे उशिरा झोपतात व कमी झोपतात. त्या दिवसांत सूर्य मावळताना चंद्र वर आलेलाच असतो. वीज नसलेल्या वस्तीत जाग वाढली तर नवल नाही. विजेच्या झगमगाटातल्या सिएटलमध्ये ती का वाढावी, हे कोडे मात्र उरते. आपण कोजागरीला जागतो ते दुधासाठी, हे वेगळे.

आता पुन्हा आईकडे वळतो. त्या पहाटेनंतर मी एक वही केली. चौदा महिने प्रत्येक धापेची तारीख आणि तिथी लिहिली. अवस असो वा नसो, हे महत्त्वाचे. कारण आमच्या घरात अवसेची धाप तेवढी लक्षात राही. षष्ठीची वा दशमीची धाप ‘थंडी बाधली’ म्हणून विसरली जाई. चौदा महिन्यांत धाप चोवीसदा लागली. अवस, पुनव आणि त्यांच्या अलीकडचा-पलीकडचा एकेक दिवस धरला, तर महिन्यातले सहा दिवस होतात. म्हणजे निव्वळ योगायोगानेच पाचाच्या आसपास धापा त्या दिवसांत पडाव्यात. पडल्या सहा. त्यांपैकी दोन दोन दिवाळ्यांच्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री आणि एक होळीच्या रात्री.

ही तीन नावे वहीत शेजारी-शेजारी आली, तेव्हा मी बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसलो. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला, होळी फाल्गुन पौर्णिमेला. एका रात्री फटाक्यांचा धूर, दुसऱ्या रात्री गोवऱ्यांचा. सण आपणच तिथीला बांधले, आणि त्या धुराचा आळ बिचाऱ्या चंद्रावर घेतला. सर्वपित्रीच्या दिवशीही आई सकाळपासून चुलीपाशी वडे तळत होती, हे मला तेव्हा आठवले. एका रुग्णाच्या वहीने शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. आमच्या घरापुरता तिचा उपयोग एवढाच झाला की, पुढे लक्ष्मीपूजनाला आई मागच्या खोलीत खिडक्या लावून बसू लागली, आणि धाप वाढली की तिथी न विचारता रिक्षा येऊ लागली.

वही मी तिला वाचून दाखवली होती. तिने चष्मा लावून सगळी पाने स्वतः पाहिली आणि म्हणाली, ‘‘तुझा हिशेब बरोबर असेल रे. पण अवसेला इन्हेलर उशाशी ठेव हो माझ्या.’’ मी अवसेला ठेवू लागलो. मग रोजच ठेवू लागलो.