सौभद्र, पायपेटी आणि माझा गुडघा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, शाळेच्या सभागृहात, ध्वनिमुद्रण ऐकवण्यापूर्वी केलेलं भाषण)



काल रात्री वरसोलीला पोपटीवर आपण ज्या उत्साहानं तुटून पडलो, ते पाहता आज सकाळी एवढी मंडळी वेळेवर येतील असं मला वाटलं नव्हतं. मी पंधरा मिनिटांत आटोपतो. मग चहा, आणि चहानंतर ‘संगीत सौभद्र’चा आम्ही गेल्या मे महिन्यात याच सभागृहात ध्वनिमुद्रित केलेला भाग. त्याबद्दल चार शब्द सांगायला मला उभं केलंय. मी काही संगीतज्ञ नाही. नोकरी बँकेत केली, पेटी वाजवली ती भजनी मंडळात. पण या प्रकरणातला आरोपी मीच आहे, तेव्हा जबानीही मीच द्यावी हे बरं.

तुमच्या उजव्या हाताला भिंतीशी ती उभी आहे, आपली पायपेटी. कुणी तिला ऑर्गन म्हणतं. कुठल्याशा मोडलेल्या नाटक मंडळीच्या सामानातून ती शाळेत आली, असं शिपाईकाका सांगायचे. प्रार्थना तिच्यावर, स्नेहसंमेलन तिच्यावर. पुढे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला आणि ही जिन्याखाली गेली. तिच्यावर जुने नकाशे, तुटके बाक आणि गणपतीच्या मखराचे थर्माकोल रचले गेले. तीन वर्षांपूर्वी जिन्याखालची जागा मोकळी करायची ठरली, तेव्हा आपल्यातल्या एकानं मला फोन केला, “अरे, तुझी पेटी भंगारात चाललीय.” माझी पेटी! सबंध शाळेत ती माझी म्हणून ओळखली जायची, आणि त्याचं कारण काही फारसं अभिमानाचं नाही.

आठवा, आपण नववीत होतो. संगीताच्या बाईंनी सौभद्रातले दोन प्रवेश बसवले होते. सुभद्रा आपल्याच वर्गातली. तिचं नाव मी घेणार नाही, ती दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि डोळे वटारते आहे. पेटीवर मी. बाईंनी बजावलं होतं, दोनच खुंट्या ओढायच्या आणि गुडघा दूर ठेवायचा. ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पट्ट्यांच्या वर त्या गोल खुंट्या दिसतात ना, त्यांना स्टॉप म्हणतात. एकेक ओढाल तसा सुरांचा एकेक संच बोलू लागतो. खाली गुडघ्याशी लाकडाची पट्टी आहे, ती बाहेर रेटली की आवाज फुगतो. त्या रात्री समोर गर्दी पाहून माझ्या अंगात आलं. मी सगळ्या खुंट्या ओढल्या आणि गुडघाही रेटला. सुभद्रा बिचारी दुर्योधनाच्या लग्नातून सुटण्यासाठी कुणाला तरी शरण जाऊ पाहत होती, आणि मी तिच्यावर आगगाडी सोडली. तिचा सूर सुटला. लोक हसले. ती आत निघून गेली. त्यानंतर रंगमंचावर ती गायली नाही. मी माफी मागितली नाही. ‘पेटीच जुनी, ती बिघडली’ असं सांगत सुटलो, आणि ते पुष्कळांना खरंही वाटलं.

ही झाली जबानी. आता सौभद्राकडे येतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक 1882 साली पुण्यात रंगभूमीवर आलं. सुभद्रा पहिल्यांदा केली ती भाऊराव कोल्हटकरांनी. भाऊराव गेले 1901 साली, आणि ग्रामोफोन कंपनीची माणसं ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्यात उतरली 1902 साली. दीड-पावणेदोन वर्षांची चुकामूक! पहिल्या सुभद्रेचा आवाज त्यामुळे आपल्याला कधीच ऐकायला मिळणार नाही. पुढे ज्या तबकड्या निघाल्या त्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. नाटकात वन्समोअर घेत रात्रभर फुलणारं पद तेवढ्यात कोंबायचं, म्हणजे पुढचं-मागचं बोलणं गेलंच. आपल्या पिढीला सौभद्र भेटलं ते रेडिओवर, सुट्या पदांतून, ‘नाट्यगीत’ म्हणून. पद माहीत, पण ते कोण कुणाला कशासाठी म्हणतंय याचा पत्ता नाही.

सौभद्र मुळात विनोदी नाटक आहे, हेच आपण विसरलो. आठवून पाहा. बलरामदादाला बहीण दुर्योधनाला द्यायचीय. अर्जुन संन्यासी होऊन येतो, आणि तो बलरामच त्याला थोर यती समजून घरात ठेवतो, वर बहिणीलाच त्याच्या सेवेला धाडतो! सगळी सूत्रं कृष्णाच्या हातात, आणि चेहरा असा की जणू काहीच ठाऊक नाही. आपल्याकडे लग्नघरात असा एक मामा असतोच.

दोन वर्षांपूर्वी आपल्या एका मैत्रिणीच्या मुलीनं जर्मनीहून मला एक सीडी संच पाठवला. मोझार्टचा ‘फिगारोचं लग्न’ हा 1786 सालचा विनोदी ऑपेरा, रेने याकोब्स यांनी दिग्दर्शित केलेला, 2004 साली निघालेला. त्याची खासियत म्हणजे त्यात मोझार्टच्या काळच्या घडणीची वाद्यं आहेत. व्हायोलिनला आतड्याच्या तारा, बासऱ्या लाकडी, आणि पियानोऐवजी त्याचा पूर्वज, हलक्या अंगाचा फोर्टेपियानो. पट्टीसुद्धा जुनी. आज जगभर मधल्या ‘ए’ स्वराची 440 कंपनं धरतात, ते ठरलं 1939 सालच्या लंडनच्या परिषदेत. मोझार्ट वाजवताना ही जुन्या वाद्यांवाली मंडळी बहुधा 430 च्या आसपास राहतात.

मला वाटलं होतं, एवढी जुनी वाद्यं म्हणजे आवाज मरतुकडा असणार. मला इटालियनचं अक्षरही कळत नाही, तरी पुस्तिका समोर धरून ऐकताना मी तीन वेळा मोठ्यानं हसलो. बायको आतून बघायला आली. पडदा उघडतो तेव्हा नोकर फिगारो खोलीत पलंग मावेल का म्हणून जमीन मोजतोय. गाण्यांच्या मधल्या संवादांत तो फोर्टेपियानो मध्येच टिचकी मारतो, नक्कल करतो, चिमटा काढतो. वाद्यं गाणाऱ्याच्या अंगावर जात नाहीत, म्हणून गाणाऱ्याला ओरडावं लागत नाही, म्हणून तो बोलल्यासारखा गातो. आणि बोलल्यासारखं गायलं की शब्दातली खोच पोचते. एवढं सरळ आहे ते. सीडी संपली आणि माझ्या मनात आलं, जिन्याखाली आपलं काय पडलंय!

पायपेटी दुरुस्त व्हायला चार महिने लागले. भात्याचं कापड उंदरांनी खाल्लं होतं. पितळी सुरांवर खाऱ्या हवेनं हिरवं चढलेलं. कारागीर म्हणाले, “काका, समुद्राकाठी पेटी ठेवायची म्हणजे लोणच्यात घड्याळ ठेवण्यासारखं.” त्यांनी एकेक सूर काढून पुसला, घासला, लावला. वरच्या सप्तकातले दोन मुके राहिले ते राहिलेच. त्यांच्याकडून एक गोष्ट नव्यानं कळली. हातपेटीचा भाता वारा बाहेर ढकलतो, तर या जातीच्या पायपेटीचा भाता तो आत ओढतो. म्हणून हिचा सूर घुमटदार, गोल येतो.

मग वाद सुरू झाला. जुन्या वाद्यांवर करायचं म्हणजे कुठल्या काळच्या? 1882 सालचं सौभद्र हवं तर ऑर्गन चालणार नाही. तो रंगभूमीवर रुजला विसाव्या शतकात, बालगंधर्वांच्या काळी. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवा खाँसाहेबांचा तबला अशी साथ होती. शिवाय अगदी अस्सलच करायचं तर सुभद्रा पुरुषानं गायला हवी! आपल्या वर्गातल्या दोघांनी तयारी दाखवली, आम्ही त्यांना प्रेमानं खाली बसवलं. हिराबाई बडोदेकर सुभद्रा म्हणून उभ्या राहिल्या तेव्हाच तो प्रश्न सुटलाय, असं म्हणून आम्ही गंधर्वकाळाची साथ धरली.

सारंगिये मुंबईहून आले, गेटवेहून मांडव्याच्या लाँचनं. सारंगी मांडीवर धरून तासभर लाटांचे हेलकावे. उतरल्यावर म्हणाले, “माझ्या वाद्यानं आज पहिल्यांदा समुद्र ओलांडला.” मे महिन्यातली आपली हवा. सारंगीच्या मुख्य तारा आतड्याच्या, त्या दमटपणानं सारख्या उतरत होत्या. खालच्या तीस-पस्तीस तरफा जुळवण्यात पाऊण तास गेला. कुणाच्या तरी मुलानं मोबाइलवर सूर मोजायचं ॲप लावलं, तर त्यावर सगळं लाल. आपली पेटी 440 ला नव्हतीच, चांगली खाली होती. तो म्हणाला, “काका, हिला वर घ्या.” सारंगिये म्हणाले, “बाळा, अलिबागहून आलायस काय?” आणि सभागृह असं हसलं की पुढची दहा मिनिटं काम बंद.

पेटीची एक अडचण खरी आहे. तिचे बाराही सूर आधीच ठोकून बसवलेले, दोन सुरांच्या मधे जायला वाट नाही. याच कारणानं 1940 साली रेडिओनं पेटीला दार बंद केलं आणि ते तीसेक वर्षं बंदच होतं. पण सारंगी शेजारी असली की ती पेटीची बाजू सांभाळून घेते. मींड तिनं घ्यायची, पेटीनं फक्त खाली सतरंजी अंथरायची. हे मला साठी उलटल्यावर कळलं. बाई नववीत हेच सांगत होत्या.

आणि शांतता! मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 साली कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, कारण इथे विजेचा गोंगाट नव्हता. आज शनिवारी बीचरोडवर उभं राहून बघा. आम्ही मंगळवारची रात्र धरली. पंखे बंद, खिडक्या बंद, घामाच्या धारा. दोनच माइक, आणि तेही गाणाऱ्यांपासून लांब, पाचव्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू येईल तसं यावं म्हणून.

सुभद्रेला आणणं हे मोठंच काम होतं. मी स्वतः तिच्या घरी गेलो. जे त्या रात्री सांगायला हवं होतं ते सांगितलं. तिनं चहा केला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तेव्हा मी काळी पाचमध्ये गात होते. आता पांढरी चारच्या वर जात नाही. चालेल?” मी म्हटलं, तू म्हणशील ती. तर म्हणते, “आणि गुडघ्याचं काय?” तिला सांगितलं, डाव्या-उजव्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्यात, आता रेटायचं म्हटलं तरी जोर नाही.

तुम्ही ऐकाल, पण एक जागा आधी सांगून ठेवतो. तिचं ते शरण मागणारं पद. ती ते अगदी खरं गाते. तिच्यासाठी ते संकट खरंच आहे. गंमत अशी की कृष्णानं सगळं जुळवत आणलंय हे आपल्याला माहीत असतं आणि तिला नसतं. सारंगी शेवटच्या अक्षरामागून हळूच थांबते, आणि पुढे कृष्ण आपल्या साळसूद आवाजात बोलायला लागतो. दोन्ही आवाज एकाच पातळीवर, ना गाणं मोठं, ना बोलणं लहान. मुद्रणाच्या वेळी आम्हा सगळ्यांना तिथे हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही होतं. माइकवर कीबोर्ड लावून हेच प्रवेश मी पुष्कळदा ऐकले आहेत. तिथे पदाला टाळ्या पडतात आणि कृष्णाचं वाक्य टाळ्यांत वाहून जातं.

मुद्रण काही निर्दोष नाही. सुरुवातीलाच वटवाघळं फडफडतात. रुसलेल्या रुक्मिणीची समजूत घालताना आपला कृष्ण एक ओळ विसरतो आणि अशी काही थाप मारतो की ती किर्लोस्करांनीच लिहिली असावी. भात्याचा श्वास आणि पायपट्टीची कुरकुर तर अथपासून इतिपर्यंत आहे. ॲपवाला मुलगा म्हणाला, कॉम्प्युटरवर कुरकुर पुसून देतो. यावर व्हॉट्सॲपवर तीन दिवस भांडण झालं. अखेर सुभद्रेनं निकाल दिला. तिनं लिहिलं, “राहू दे. पेटी कुठे आहे ते मला कळलेलं बरं.”

पेटीचं झाकण आजपासून उघडं राहील, मुलांना वाजवू द्यायचं मुख्याध्यापकांनी कबूल केलंय. महिन्यातून एकदा भात्याला हवा लागायला हवी, त्यासाठी अलिबागात राहणाऱ्या पाच जणांनी पाळ्या लावून घेतल्यात. फेब्रुवारीची पाळी रिकामी आहे, चहाच्या टेबलाजवळ कागद ठेवलाय.

चला, चहा घेऊन लवकर या. आणि परत आल्यावर तेवढे पंखे बंद करा.