चातुर्मासाचा नेम

आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, घराघरांत खेकडा भजी, कांद्याची थालीपीठं होतात. दोनच दिवसांनी आषाढी एकादशी, आणि तिथून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. या काळात बरेच जण कांदा, लसूण, वांगी वर्ज्य करतात. अधिक महिना मध्ये आला, तर चातुर्मास पाच महिन्यांचा! २०२३ साली अधिक श्रावणामुळे तसंच झालं होतं.

गणपती, नवरात्र, दिवाळी हे सगळे सण याच काळातले, चारचौघांत साजरे होणारे. नेम मात्र ज्याचा त्याचा. कुणी एकभुक्त राहतं. कुणी धरणं-पारणं करतं, म्हणजे एक दिवस उपास, दुसऱ्या दिवशी जेवण. कुणी दारात रोज तेहतीस गोपद्मं काढतं, तर कुणी ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय वाचतं. श्रीधरस्वामींनी हा ग्रंथ १७१८ साली बारामतीत पूर्ण केला.

मला सर्वांत अवघड वाटतो तो मौनभोजनाचा नेम. भाजीत मीठ कमी पडलं, तरी बोलायचं नाही. वाढणाऱ्याला हातानं ‘पुरे’ म्हणायचं. जेवताना आपण किती कुरकुरतो, हे आठवडाभरात कळतं. हा नेम कुठल्याही वयात, पैसा न खर्चता करता येतो. आजारी माणसानं आणि गर्भवतीनं मात्र कडक उपासाच्या वाटेला जाऊ नये.

कार्तिकात नेमाचं उद्यापन होतं. जो पदार्थ सोडला, तो आधी दान द्यायचा, मग आपण खायचा. वांगी सोडणाऱ्यांच्या घरी मग भरीत ठरलेलंच.