तिसरीचा वर्ग आणि सावित्रीचा काठ

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये वाचनाची सुरुवात लॅटिनपासून होई. जाँ-बाप्तिस्त द ला साल या कॅथलिक धर्मगुरूंनी गरीब मुलांच्या शाळांत ती घरच्या भाषेपासून केली. १९५० मध्ये पोपनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं.

महाड-पोलादपूरच्या तिसरीलाही, शाळा मिशनची असो वा जिल्हा परिषदेची, जवळच्यापासून सुरुवात करण्याचं हेच सूत्र हवं. बालभारतीनं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळं काढलं, ही माझ्या मते फार शहाणपणाची गोष्ट. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते, तिथं तिला गांधारी मिळते, पुढे बाणकोटला ती समुद्राला भेटते. नकाशा शिकवायला याहून चांगला धडा कुठला? आणि महाडच्याच चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर २० मार्च १९२७ च्या पाण्यासाठीच्या सत्याग्रहाची हकिकत सांगा. पाणी पिण्याचा हक्क म्हटला की समता आठ वर्षांच्या मुलालाही कळते.

तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे निपुण भारत अभियानाचं लक्ष्य आहे. तेव्हा पालकहो, शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी रोज मुलाकडून मराठीचं एक पान मोठ्यानं वाचून घ्या.